वाचा आहे तोवर

"आता करण्यासारखे काही राहिलेले नाही," हे वाक्य वैद्यकाच्या व्यवहारात फार जुने आहे. ते उच्चारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. खोटी आशा दाखवू नये, घरच्यांचा पैसा व्यर्थ खर्ची पडू नये, असाच विचार त्यामागे असतो. परंतु या वाक्याने डॉक्टर मोकळा होतो आणि रुग्णाचे घर मात्र अडकून पडते. रोग बरा होणार नाही, एवढेच त्याला सांगावयाचे असते; त्याऐवजी तो सांगून जातो की, करण्यासारखे काही नाही. ही दोन विधाने एक नव्हेत. त्या दोहोंच्या मध्ये कित्येक महिन्यांचे, पुष्कळदा कित्येक वर्षांचे, एका माणसाचे जगणे असते.

हा भेद आपल्याकडील जुन्या वैद्यांना ठाऊक होता. चरकसंहितेत रोगांचे साध्य आणि असाध्य असे दोन भाग करून असाध्य रोगांचे पुन्हा दोन पोटभाग पाडले आहेत. एक प्रत्याख्येय, म्हणजे ज्याला वैद्याने नकार द्यावा असा. आणि दुसरा याप्य. याप्य रोग मुळातून जात नाही, पण उपचार व पथ्य चालू असेपर्यंत तो आवरून धरता येतो आणि रुग्णाला त्यातल्या त्यात सुखाने दिवस काढता येतात. सुश्रुताने याला दृष्टान्त दिला आहे तो पडावयास आलेल्या घराचा. योग्य जागी टेकू दिला, तर असे घर उभे राहते. मात्र असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व कीर्तीची हानी होते, असा इशाराही त्याच चरकसंहितेत आहे. टेकू देण्याचा विचार जितका जुना, तितकीच पाठ फिरविण्याची रीतही जुनी.

मेंदू व मज्जासंस्था यांच्या विकारांत अशी याप्य दुखणी पुष्कळ आहेत. कंपवाताचा रोगी औषधावर वर्षानुवर्षे हिंडता-फिरता राहतो, पण औषधाचा गुण हळूहळू अपुरा पडू लागतो. अल्झायमरच्या रोगात शरीर धडधाकट असते आणि ज्याचे ते शरीर, तोच घरातून हळूहळू निघून जातो. परंतु असाध्य म्हणजे काय, याची खरी प्रचीती देणारा रोग वेगळाच आहे. त्याला इंग्रजीत मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. मराठीत प्रेरक चेतापेशींचा ऱ्हास असे म्हणता येईल. स्नायूंना हालचालीची आज्ञा पोहोचविणाऱ्या ज्या पेशी मेंदूत व मज्जारज्जूत असतात, त्या या रोगात एकामागून एक नष्ट होतात. आज्ञा थांबली की स्नायू सुकतो. एखाद्याला प्रथम सदऱ्याची गुंडी लावता येईनाशी होते. एखाद्याची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि त्याला पत्ता लागत नाही. एखाद्याची जीभ जड होते, व पक्षाघाताचा सौम्य झटका असावा असे समजून घरची माणसे दुसरेच उपचार करीत बसतात. पुढे हात, पाय, मान, जीभ, घसा आणि अखेरीस श्वासाचे स्नायू, असा हा क्रम कमीअधिक फरकाने चालतो.

पॅरिसच्या शार्को या विख्यात मज्जातज्ज्ञाने १८६९ च्या सुमारास या रोगाचे वर्णन केले. तेव्हापासून आजपर्यंत तो बरा करणारे औषध सापडलेले नाही. रिलुझोल हे औषध १९९५ पासून वापरात आहे. त्याने आयुष्य सरासरीने दोन-तीन महिने लांबते, असे त्याच्या चाचण्यांत दिसून आले. लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षे जगतात. स्टीफन हॉकिंग यांना हा रोग १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी जडला आणि ते २०१८ पर्यंत जगले. हा अपवाद इतका विलक्षण आहे की, त्यावर कोणा रुग्णाने भिस्त ठेवू नये, आणि कोणा नातेवाइकाने तो रुग्णाला ऐकवूही नये.

या रोगात काय जाते हे सारेच सांगतात. काय राहते, याची नोंद अधिक काळजीने घेतली पाहिजे. दृष्टी राहते, श्रवण राहते, चव राहते. स्पर्श राहतो, म्हणजेच डास चावलेला कळतो, पण हात उचलून त्याला हाकलता येत नाही. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते. काही रुग्णांच्या स्वभावात व निर्णयशक्तीत फरक पडतो, आणि थोड्यांना स्मृतिभ्रंशही होतो. पण पुष्कळांची बुद्धी निर्मळ राहते. घरात आपल्याविषयी कोण काय बोलले, ते असा माणूस अंथरुणातून ऐकत असतो. उत्तर मात्र देऊ शकत नाही.

अशा माणसासाठी वैद्यकाने काय करावयाचे, हा प्रश्न मनावर घेतला तो लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी. या बाईंचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. त्या प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. आणि मरणाऱ्या माणसाच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत, हे पाहून पुन्हा शिकावयास बसल्या व १९५७ मध्ये स्वतः डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस ही संस्था उघडली. वेदना केवळ शरीराची नसते. तीत मनाची, संसाराची, पैशाची व श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांचे कार्य मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी म्हणून ओळखले जाते. पण प्रेरक चेतापेशींच्या रोगाचे रुग्णही त्यांनी प्रारंभापासून आपल्याकडे घेतले, ही गोष्ट मागे पडली आहे. १९७० नंतरच्या दशकात माँट्रियल येथील बाल्फर माउंट या शल्यविशारदाने या शुश्रूषेला 'पॅलिएटिव्ह' हे विशेषण लावले. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर पांघरावयाचे वस्त्र असा आहे. थंडी घालविता येत नाही, पण पांघरूण घालता येते. मराठीत आपण याला उपशामक शुश्रूषा म्हणू.

हे पांघरूण कशाचे विणलेले असते? बहुतांशी अगदी साध्या गोष्टींचे. घशाचे स्नायू दुबळे झाले की सर्वांत आधी अडते ते पाणी. पातळ पदार्थ चटकन घसरून श्वासनलिकेत उतरतो व ठसका लागतो. तेच पाणी पेजेसारखे दाट करून दिले, तर सावकाश खाली जाते. मऊ भात, खिमट, दाटसर खीर हे पदार्थ चालतात. पोहे, चिवडा, कोरडी पोळी घशात फसते. घास गिळताना हनुवटी छातीकडे झुकविली, तर पुष्कळांना सोपे जाते. आपल्याकडे मात्र ठसका लागला की रुग्णाची मान मागे टाकून वरून पाणी ओतण्याची सवय आहे, आणि तीच घातक ठरते. जेवणाला पाऊण तास लागू लागला आणि वजन उतरू लागले, की पोटाच्या भिंतीतून जठरात एक बारीक नळी बसविता येते. ही छोटी शस्त्रक्रिया छातीचे बळ शिल्लक असतानाच करणे सुरक्षित असते. नातेवाईक ती शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, आणि शेवट आला की ती करता येत नाही.

लाळेचेही तसेच. लाळ वाढलेली नसते, गिळली जात नसते. पण तोंडातून गळणारी लाळ माणसाची जितकी मानखंडना करते, तितकी पांगळे पायही करीत नाहीत. पाहुणे आले की असा रुग्ण तोंड भिंतीकडे करून घेतो. लाळ कमी करणारी साधी, स्वस्त औषधे आहेत. ती मागण्याचे कोणाला सुचत नाही, कारण लाळ हे काही दुखणे नव्हे असे सर्वांना वाटते. आणखी एक लक्षण घरच्यांना फार गोंधळात टाकते. रुग्णाला मध्येच अनावर हसू येते, किंवा क्षुल्लक कारणाने रडू कोसळते. मनात हर्ष वा शोक काहीच नसतो. मेंदूकडून चेहऱ्याकडे जाणारा लगाम तुटलेला असतो. हे समजावून सांगितले नाही, तर घरातला मृत्यू ऐकून हसणाऱ्या माणसाला वेड लागले असे ठरते. यावरही औषध आहे. पण औषधाहून मोठा गुण त्या समजावून सांगण्याचा आहे.

श्वासाची गोष्ट अधिक गंभीर. छातीचे स्नायू थकू लागले की त्याची पहिली खूण धाप ही नसते. झोप तुटक होते, सकाळी उठताना डोके दुखते, दिवसा पेंग येते. रात्री श्वास उथळ पडल्यामुळे शरीरातील अशुद्ध वायू पुरता बाहेर पडलेला नसतो. अशा वेळी नाकातोंडावर मुखवटा बसवून हवा देणारे लहानसे यंत्र रात्री वापरले, तर झोप लागते, डोके उतरते आणि, ज्यांच्या घशाचे बळ फारसे गेलेले नाही, त्यांचे आयुष्यही काही महिन्यांनी वाढते. त्यापुढे धाप लागू लागली, तर अल्प मात्रेत दिलेले मॉर्फीन जिवाची घालमेल थांबविते. मॉर्फीनचे नाव काढताच आपल्याकडे डॉक्टरही कचरतात. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. ज्या देशाच्या शेतात हे औषध उगवते, त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर ते रुग्णाच्या उशाशी पोहोचणे अवघड झाले. २०१४ मध्ये तो कायदा दुरुस्त होऊन परवान्यांचे जंजाळ कमी झाले. मनातली भीती कायद्याच्या दुरुस्तीने एकदम जात नाही, हेही तितकेच खरे.

आपण घास अडकून, गुदमरून, तडफडत मरणार, ही या रोगाच्या रुग्णाला रात्रंदिवस छळणारी कल्पना असते. तो ती बोलून दाखवीत नाही, व दुसरे कोणी विचारीत नाही. जर्मनी व इंग्लंड येथील रुग्णांच्या अखेरच्या दिवसांची एक पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे गुदमरून मेलेला एकही रुग्ण आढळला नाही; बहुसंख्य रुग्णांचा अंत शांतपणे, पुष्कळदा ग्लानीत झाला होता. एवढी एक माहिती रुग्णाला वेळेवर कोणी सांगितली, तरी त्याच्या कित्येक रात्री निर्धास्त जातील.

पण ही माहिती देण्यासाठी त्याच्याशी बोलावे लागते, आणि या रोगाची खरी अडचण तेथेच आहे. शुश्रूषा हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. शिष्याची गुरूविषयी शुश्रूषा म्हणजे त्याचे शब्द ऐकण्याची उत्कंठा. सेवा हा अर्थ त्यावर मागाहून चढला. ज्या रुग्णाची वाचाच जावयाची आहे, त्याच्या बाबतीत हा जुना अर्थ अगदी नेमका लागू पडतो.

याचे एक थोर उदाहरण उपशामक शुश्रूषेचे नावही नव्हते त्या काळातले आहे. फ्रांत्स रोझेन्त्स्वाइग हा जर्मन ज्यू तत्त्वचिंतक. फ्रँकफर्ट येथे त्याने प्रौढांसाठी एक विद्यापीठवजा शाळा काढली होती. १९२२ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याला हाच रोग असल्याचे निदान झाले. तो फार तर वर्षभर काढील असा डॉक्टरांचा अंदाज होता. तो जवळजवळ आठ वर्षे जगला. प्रथम लेखणी सुटली, मग वाचा गेली. त्याच्यासाठी एक खास टंकयंत्र आणले होते; त्यावरील अक्षरांकडे तो निर्देश करी व पत्नी एडिथ कळ दाबी. तेही जमेना, तेव्हा आडव्या दांडीला टांगलेल्या झोळीत त्याचा हात अडकवून ठेवीत, आणि त्याच्या बोटाच्या जराशा हालचालीवरून एडिथ अक्षर ओळखी. कित्येकदा पहिल्या अक्षरांवरूनच सबंध शब्द, व शब्दांवरून वाक्य. या मार्गाने त्याने पत्रे लिहिली, लेख लिहिले, मध्ययुगीन हिब्रू कवितांची भाषांतरे केली, आणि १९२५ पासून मार्टिन बूबर यांच्या जोडीने हिब्रू बायबलाचे जर्मन भाषांतर चालविले. बूबर मसुदा पाठवीत. हा गलितगात्र मनुष्य त्यावर टीपा पाठवी, आणि त्या काही सौम्य नसत. विशेष म्हणजे त्याने ग्रामोफोनच्या तबकड्यांची परीक्षणेही वर्तमानपत्रासाठी लिहिली. कान शाबूत होते आणि संगीताची आवड होती. ती रोगाने का सोडावी? १९२९ च्या डिसेंबरात बूबर यांना पाठवावयाचे एक वाक्य तो असाच अक्षर-अक्षर सांगत होता. तेवढ्यात डॉक्टर तपासावयास आले व वाक्य थांबले. त्याच रात्री तो वारला.

रोझेन्त्स्वाइगला विद्वान मित्र होते आणि एडिथसारखी पत्नी होती, असे कोणी म्हणेल. परंतु यातील युक्तीला विद्वत्ता लागत नाही. आपल्या देवनागरीची मांडणी तर या कामाला रोमन लिपीहून सोयीची आहे. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत पाच वर्ग, प्रत्येक वर्गात पाच अक्षरे, असा चौकटीचा तक्ता मुळाक्षरे शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तयारच असतो. ऐकणाऱ्याने क, च, ट, त, प असे वर्ग म्हणत जावे. हवा तो वर्ग आला की रुग्णाने डोळे मिटावेत. मग त्या वर्गातील अक्षरे म्हणावीत. 'प' वर्गातले पहिले, पुढे काना, मग 'ट' वर्गातले दुसरे. पाठ दुखते आहे. काना, मात्रा, वेलांटी यांची एक ओळ व य-र-ल-व पासून ळ पर्यंतची एक ओळ निराळी ठेवावी लागते, एवढेच. शिवाय रोजच्या मागण्यांचा एक तक्ता करून भिंतीवर लावता येतो: कूस बदला, पंखा लावा, डास चावतो आहे, दिवा मालवा, थोडा वेळ एकटे राहू द्या. हा शेवटचा अर्ज घरच्यांनी केलेल्या तक्त्यात बहुधा नसतो. आता डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी संगणकयंत्रे निघाली आहेत, आणि वाचा असतानाच स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर पुढे यंत्राला त्याच आवाजात बोलते करता येते. ज्यांना ती परवडतील त्यांनी अवश्य घ्यावीत. पुठ्ठ्याचा तक्ता वीज गेल्यावरही चालतो.

वाचा आहे तोवर बोलून घेण्याच्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. त्या तक्त्यावर मावत नाहीत, आणि आपल्या घरांतून त्यांनाच बंदी असते. निदान कळावयाच्या दिवशी काय घडते ते अनेक श्रोत्यांनी पाहिले असेल. मुलगा किंवा भाऊ डॉक्टरांच्या खोलीत आधी शिरतो आणि म्हणतो, "त्यांना काही सांगू नका, ते हाय खातील." डॉक्टरांना ते सोयीचेच असते. रुग्णाला नसांचा अशक्तपणा आहे असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. हे सारे प्रेमापोटी होते, यात शंका नाही. पण कर्करोगाचा रुग्ण निदान अखेरच्या आठवड्यातही विचारू शकतो की, मला खरे काय झाले आहे? येथे विचारण्याची वेळ येईतो जीभ गेलेली असते. अल्झायमरच्या रोगात जीभ असते, पण प्रश्नच हरवलेला असतो. मज्जासंस्थेच्या रोगांत लपवाछपवीला काळाची मर्यादा आहे, ती ही अशी.

खरे सांगणे म्हणजे एका दमात सारे अंगावर टाकणे नव्हे. "तुम्हाला दुखण्याविषयी किती जाणून घ्यावेसे वाटते?" असा प्रश्न आधी विचारावा लागतो, आणि उत्तराइतकेच सांगावे लागते. काही माणसे म्हणतात, मला काही कळायला नको, माझ्या मुलीला सांगा. तोही एक निर्णयच आहे, आणि तो त्यांच्या तोंडून आलेला असल्यामुळे त्याला मोल आहे. या मुलीने पुढे जे ठरवावयाचे, त्याचा अधिकार तिला त्या एका वाक्याने मिळालेला असतो.

ठरवावयाचे काय असते? पोटात नळी घालावी की नाही, मुखवट्याचे यंत्र कोठवर वापरावे. आणि सर्वांत अवघड प्रश्न, गळ्याला छिद्र पाडून कायमच्या श्वासयंत्रावर जगावयाचे की नाही. हे यंत्र लावले तर माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो. रोग मात्र पुढे चालूच राहतो. जपानात असे यंत्र स्वीकारणारे रुग्ण पुष्कळ आहेत. इंग्लंडात फार थोडे. रोग दोन्हीकडे एकच आहे. यावरून हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि माणसाच्या व समाजाच्या धारणेचा अधिक आहे, हे दिसून येईल. कोणतेच उत्तर चूक नाही. चूक घडते ती कोणी विचारलेच नसल्यामुळे. रात्री दोन वाजता श्वास कोंडतो, रुग्णवाहिका येते, अतिदक्षता विभागात घाईघाईने नळी घातली जाते आणि सकाळी कळते की, ही नळी आता निघावयाची नाही. जी गोष्ट वर्षभर आधी अंगणात खुर्ची टाकून शांतपणे बोलता आली असती, ती आता दाराबाहेरच्या बाकावर बसून, हिशेबाचे कागद हातात घेऊन, भावाभावांत वाद घालून ठरवावी लागते. ज्याचा श्वास, तो आत पडलेला असतो, आणि बहुधा ऐकतही असतो.

कायद्याने याला आता वाट करून दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी असा निर्णय दिला की, सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे. आणि पुढे स्वतः निर्णय घेता आला नाही, तर कोणते उपचार करू नयेत, हे सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येते. या लेखाची मूळ पद्धत इतकी किचकट होती की, फारच थोड्यांनी तो केला असेल. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून ती प्रमाणित करून घेता येते. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात घालता येतात. प्रत्यक्ष उपचार थांबवावयाचे झाल्यास रुग्णालयात डॉक्टरांची एक समिती व तिच्यावर दुसरी समिती विचार करते. विष देऊन वा सुई टोचून आयुष्य संपविण्याला आपल्या कायद्यात थारा नाही, आणि उपशामक शुश्रूषेतही नाही. मरण लवकर आणणे हे तिचे काम नव्हे, आणि ते पुढे रेटीत राहणे हेही नव्हे.

आपल्या देशात हा कायदा ज्या खटल्यातून वाढत आला, त्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांचा खटला मोडतो. १९७३ मधील हल्ल्यात त्यांच्या मेंदूला इजा झाली, आणि २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, त्यांच्या सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांचे अन्न थांबवावे ही मागणी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, ती या परिचारिकांचे म्हणणे ऐकून. त्या निकालाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नव्हता, ही न्यायालयाने नोंदविलेली गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. दर दोन तासांनी कूस बदलल्याखेरीज हे घडत नाही. बेचाळीस वर्षांत अशा किती रात्री, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

घरी हे काम कोणाच्या वाट्याला येते, हे सांगावयास नको. पत्नी, सून, क्वचित धाकटी अविवाहित मुलगी. दर दोन तासांनी उठणारी ही बाई दोन वर्षांत स्वतःच रोगी होते, आणि तिची चौकशी कोणी करीत नाही. डॉक्टर नाडी पाहतात ती खाटेवरल्या माणसाची. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन निघाले, ते भारतातील पहिले हॉस्पिस; पण ते कर्करोगाच्या रुग्णांसाठी. मज्जाविकारांच्या रुग्णाला कोठे नेऊन ठेवणे हा बहुधा उपायच नव्हे. दुखणे लांबते, आणि खाटा थोड्या. शुश्रूषा घरी चालत आली पाहिजे. हे करून दाखविले ते केरळाने. कोळिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या मित्रांनी एक लहानशी संस्था सुरू केली, तीही प्रथम कर्करोगाच्या वेदनेसाठी. रुग्णालयापर्यंत येऊ न शकणारे रुग्ण कितीतरी अधिक आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजारधर्माच्या पायावर नवी रचना उभी राहिली. विद्यार्थी, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी यांनी थोडे शिक्षण घ्यावयाचे, आपल्या आळीतील अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करावयाची, आणि आठवड्यातील काही तास त्यांना द्यावयाचे. परिचारिका व डॉक्टर त्यांच्या पाठीशी राहावयाचे. पैसा उभा राहिला तो मुख्यतः लहान लहान देणग्यांतून. यात कर्करोगाची अट उरली नाही. पक्षाघाताचे, कण्याला इजा झालेले, स्मृती गेलेले, सारेच यादीत आले. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले, आणि पंचायतीची परिचारिका घरोघर जाऊ लागली.

महाराष्ट्रात असे जाळे गावोगाव झालेले नाही. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट कंपवाताच्या रुग्णांना व त्यांच्या घरच्यांना एकत्र आणतात, व्यायाम शिकवितात, एकमेकांची विचारपूस करतात. त्याचे मोल कमी नाही. पण खाटेला खिळलेला रुग्ण सभेला येऊ शकत नाही, आणि त्याला सोडून त्याची बायकोही येऊ शकत नाही. तेथे कोणीतरी दारापर्यंत जावे लागते.

केरळातील ही परिचारिका घरी येते तेव्हा ती प्रथम रुग्णाची पाठ पाहते, तोंड पाहते, नळी पाहते. नंतर स्वयंपाकघरात डोकावून घरच्या बाईला विचारते की, काल रात्री किती झोप झाली? शेजारचा स्वयंसेवक तासभर रुग्णापाशी बसतो, तेवढ्यात ती बाई बाजार करून येते. संस्थेची खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची अशा वस्तू घरात वापरावयास दिलेल्या असतात. रुग्ण गेल्यानंतर त्या परत न्यावयाच्या असतात, म्हणून कोणीतरी पुन्हा त्या घरी जाते. गादी गुंडाळून झाल्यावरही ते माणूस लगेच उठत नाही. चहा होतो, अखेरच्या रात्रीची हकिगत घरची बाई पहिल्यापासून सांगते, आणि ती ऐकून घेतली जाते.